आधी हसू, मग चाकू

डॉक्टर मनोहर पिंपळशेंडे यांची नि माझी पहिली भेट झाली, तेव्हा माझं अर्धं तोंड पदराखाली होतं. उजव्या कानाच्या पुढ्यात, गाल जिथं संपतो तिथं, मला एक गाठ होती. सुरुवातीला हरभऱ्याएवढी, मग सुपारीएवढी झाली. दुखत नव्हती, खुपत नव्हती, म्हणून मी तिला सात-आठ वर्षं बाळगली. जबलपुरात, चेरीतालला, आमच्या शेजारच्या बाया म्हणायच्या, "गोदाकाकू गालात लाडू ठेवून आहेत, गिळतच नाहीत." मी म्हणायची, "गिळला तर तुम्ही दुसरा मागाल."

शेवटी एकीनं सांगितलं, बिब्बा लावा. मी लावला. गाठ जागची हलली नाही, वरची कातडी तेवढी जळाली. तेव्हा माझ्या मुलानं, सतीशनं, मला स्कूटरवर मागं बसवलं आणि राइट टाउनला डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात नेलं. मी बोलणी खायची तयारी करूनच गेले होते. डॉक्टर लोक आधी रागावतात, मग बघतात, असा माझा अनुभव. डॉक्टरसाहेबांनी पदर हळूच बाजूला केला, जळालेली जागा पाहिली आणि विचारलं, "बिब्बा कोणी लावला?"

"मीच."

"हात स्थिर आहे तुमचा. एवढ्याशा जागी बरोबर लावलात. पण काकू, गाठ आहे खाली अन् बिब्बा लावला वर. पत्ता चुकला."

एवढंच बोलले. घरी येताना मी सतीशला म्हटलं, या माणसाच्या हातून कापून घ्यायला हरकत नाही.

आता मी कोण, तेही सांगायला हवं. मी गोदावरी सावरबांधे. वय ऐंशीच्या अलीकडं-पलीकडं; नक्की आकडा आईला ठाऊक होता. माझे यजमान इथं संरक्षण खात्याच्या कारखान्यात होते, म्हणून आम्ही जबलपूरचे झालो. शाळेत मी कधी गेले नाही. हे सगळं मी सांगते आहे आणि माझी सून वैशाली लिहून घेते आहे. ती अमरावतीची, बँकेत नोकरीला, मराठी तिचं नीटनेटकं. या लेखात कुठं शहाणपण दिसलं तर ते तिचं समजावं. वात्रटपणा माझा.

डॉक्टरसाहेबांच्या साठीनिमित्त त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आणि त्यातले दोघं घरी आले. मी म्हटलं, "बापा, त्यात माझं काय काम? मी त्यांची पेशंट." त्यांच्यातला एक म्हणाला, "आजी, पेशंट तुम्ही तीन महिने होता. त्यानंतर अकरा वर्षं दर मंगळवारी सरांच्या शेजारी खुर्ची टाकून बसता. आम्ही सगळे तर दोन-तीन वर्षांत निघून जातो."

मी हो म्हटलं, त्याला कारण आहे. डॉक्टरसाहेब दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना स्वतःची एक चूक सांगतात. माझ्याकडं हात करून म्हणतात, "या काकूंचं तोंड हसताना वाकडं होतं. ते माझ्या हातानं झालं." ते त्यांच्या हातानं झालेलं नाही. ही गोष्ट मला एकटीला ठाऊक होती आणि अकरा वर्षं मी गप्प बसले. साठीच्या माणसाच्या डोक्यावर खोटं ओझं ठेवून वरून त्याला हार घालणं मला काही बरं वाटत नाही. तेव्हा आधी त्यांचे उपकार सांगते, मग माझा गुन्हा.

ऑपरेशनच्या आधी कागदावर अंगठा घेतात. आमच्यासारख्यांचा अंगठा मिळवणं फार सोपं असतं. शाईची डबी पुढं आली की बोट आपोआप पुढं जातं. माझंही गेलं. डॉक्टरसाहेबांनी डबीचं झाकण लावून टाकलं.

"आधी मला सांगा, मी काय करणार आहे."

"तुम्ही डॉक्टर. तुम्हाला ठाऊक."

"मला ठाऊक आहे. तुम्हाला ठाऊक होईपर्यंत मी अंगठा घेत नाही."

मग त्यांनी स्वतःच्या गालावर बोट फिरवून समजावलं. कानाच्या पुढं लाळेची मोठी ग्रंथी असते. तिची नळी गालाच्या आतून येते आणि वरच्या दाढेसमोर उघडते. मी म्हटलं, "माझी ती दाढ कधीचीच गेली. मग नळीला घर कसं सापडतं?" ते हसले आणि पुढं गेले. जबड्याखाली एकेक ग्रंथी, जिभेखाली एकेक, आणि बारीक-बारीक तर ओठात, टाळूत सगळीकडं. पण कानापुढच्या ग्रंथीचं एक अवघड दुखणं आहे. कानाच्या मागून चेहऱ्याची नस येते ती थेट त्या ग्रंथीत शिरते आणि आतल्या आत तिचे पाच फाटे होतात. एक कपाळाकडं, एक डोळ्याकडं, एक गालाकडं, एक ओठाच्या कोपऱ्याकडं, एक मानेकडं. माझी गाठ त्या फाट्यांच्या वर बसलेली. गाठ काढायची आणि नसेला धक्का लागू द्यायचा नाही. लागला तर चेहरा लुळा पडतो.

हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी दोन्ही वेळा मान हलवली. तिसऱ्यांदा म्हणाले, "आता तुम्ही सांगा."

त्या आठवड्यात आमच्या घरी चिंच फोडायचं काम चालू होतं, बोटांना तोच वास होता. मी म्हटलं, "चिंचेत देठापासून दोरे निघतात अन् गरातून टोकापर्यंत जातात. आम्ही बाया दोरे ओढून फेकतो, गर ठेवतो. तुम्ही उलटं करणार. गर काढणार, दोरे ठेवणार. एक दोरा तुटला की माझं तोंड लटकणार."

डॉक्टरसाहेबांनी डबी उघडली. "लावा अंगठा."

पुढं त्यांनी ही चिंच आपल्या शिकवण्यात घेतली. भोपाळला मोठा डॉक्टर झालेला त्यांचा एक विद्यार्थी मला भेटायला आला, तेव्हा म्हणाला, "दादीजी, परीक्षा में पाँचों फाटे आपकी इमली से याद रहे." मला परीक्षेत कोणी बसवलं नाही, पण मी पास झाले म्हणायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरसाहेब सहा-सात शिकाऊ डॉक्टरांना घेऊन माझ्या खाटेशी आले. चेहऱ्याची नस चाकूआधी कशी चालते, ते बघून ठेवायचं असतं. म्हणाले, "भुवया उचला." उचलल्या. "डोळे घट्ट मिटा." मिटले. "गाल फुगवा." फुगवले. "आता दात दाखवा."

तिथं मी अडले. समोर सगळे तरणे पुरुष, माझे पुढचे दोन दात पडलेले, आणि तिसरंही एक कारण होतं, ते पुढं सांगते. मी पदर तोंडाला लावला. शांती सिस्टर म्हणाल्या, "अम्मा, शरमाओ मत, दिखा दो. एक मिनिट का काम है." मी मान फिरवली. डॉक्टरसाहेब म्हणाले, "राहू द्या. काकूंना संकोच वाटून राहिला आहे."

ही त्यांची सभ्यता. हीच त्यांना पुढं महागात पडली.

ऑपरेशन बरेच तास चाललं. मी शुद्धीवर आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य, "काकू, पाचही दोरे शाबूत आहेत. मी माझ्या डोळ्यांनी पाहिले." गाठ तपासायला गेली, ती सज्जन निघाली. आणखी ठेवली असती तर बिघडू शकली असती, असं म्हणाले.

त्यांनी आधी जे-जे सांगितलं होतं ते सगळं तसंच झालं. नस ओढली गेल्यामुळं उजवा डोळा काही आठवडे नीट मिटला नाही. थेंब घालायचे आणि झोपताना पट्टी लावायची. कानाची पाळी बधिर झाली. माझी एक कुडी गल्लीत पडली आणि मला पत्ता नाही, शेजारीण घेऊन आली. आणि लिंबाचं लोणचं खाल्लं की उजव्या गालाला घाम फुटतो, तो अजून फुटतो. लाळेच्या बारीक नसा जखम भरताना चुकून घामाच्या वाटेला लागतात म्हणे. नात पंखा लावते. मी म्हणते, "राहू दे, लोणच्याला पोचपावती मिळून राहिली."

न सांगितलेली गोष्ट एकच निघाली. तिसऱ्या आठवड्यात मी दाखवायला गेले. शांती सिस्टर काहीतरी बोलल्या, मला हसू फुटलं, आणि डोळ्यावरची पट्टी धरायच्या नादात तोंडावर पदर घ्यायचा राहून गेला. डॉक्टरसाहेबांनी पाहिलं. डावीकडं ओठ खाली गेला, उजवीकडचा कोपरा तिथंच राहिला.

त्यांचा चेहरा उतरला. "परत हसा, काकू." मी हसले. हनुवटी धरून त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग स्टुलावर बसले आणि सगळ्या शिकाऊ डॉक्टरांसमोर म्हणाले, "हे माझ्यामुळं झालं. दोरा तुटला नाही, पण दुखावला. मी तुमची माफी मागतो."

आता ऐका. माझं तोंड जन्मापासून असंच आहे. गप्प असले की सरळ. हसले किंवा रडले की उजवा कोपरा हलत नाही. आई म्हणायची, ही पोरगी एकाच बाजूनं रडते. लग्न झाल्यावर यजमान म्हणाले, "काहो, अर्धं हसू माहेरी ठेवून आलात का?" ते गमतीनं म्हणाले असतील, पण त्या दिवसापासून मी पदराआड हसायला लागले. मुलाला कसं कळलं नाही, असं कोणी विचारेल. मुलगे आईच्या हातातलं ताट बघतात, तोंड बघत नाहीत. आणि आमच्या काळच्या फोटोत कोणी हसत नसे. आम्ही ठाणेदारासमोर बसल्यासारखे बसायचो.

मग तेव्हाच का नाही बोलले? आधी लाजेनं. एवढा मोठा डॉक्टर माफी मागतो आहे. माझी अख्ख्या जन्मात कोणी माफी मागितली नव्हती, यजमानांनीही नाही. आणि मग ते म्हणाले, "दर मंगळवारी या. मी बघत जाईन."

यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती. सतीश ऑफिसात, वैशाली बँकेत, नात शाळेत. घरात मी आणि टीव्ही. मंगळवारी कुठंतरी जायचं असायला लागलं. तिथं एक माणूस विचारायचा, "काकू, काय म्हणता?" आणि उत्तर ऐकायला थांबायचा. तोंड बरं झालं असतं तर मंगळवार संपला असता. आणि माझं तोंड काही बरं होणार नव्हतं. म्हणून मी गप्प राहिले. (इथं वैशालीचा पेन थांबला. मी म्हटलं, "लिही पोरी. तुझा दोष नाही, बँक सुटते उशिरा.")

त्या वर्षाच्या शेवटी डॉक्टरसाहेबांनी एक नियम केला. म्हणाले, "या काकूंना मी चाकूआधी हसताना पाहिलं नाही. म्हणून मी किती बिघडवलं, ते मला कधीच सांगता येणार नाही. यापुढं या ग्रंथीचा कोणताही पेशंट पूर्ण, मोकळा हसलेला पाहिल्याशिवाय मी कापणार नाही." दात दाखवणं म्हणजे हसणं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. सांगितल्यावर माणूस दात विचकतो. हसताना चेहरा आपण होऊन हलतो.

नियम चांगला, पण उद्या ज्याचा गाल कापायचा आहे तो हसणार कसा? पहिल्याच दिवशी इथल्याच गोरखपूर भागातल्या एक बाई आल्या. त्यांना डॉक्टरसाहेब म्हणाले, "हसा." त्या रडायलाच लागल्या. मी बाकावर माझ्या नंबराची वाट बघत होते. न राहवून म्हटलं, "काहो बाई, काहून रडून राहिल्या? डॉक्टर हसा म्हणून राहिले. तुमच्या सासूनं जन्मात कधी म्हटलं होतं का?"

बाई डोळे पुसता पुसता अशा हसल्या की पाचही फाटे एकदम कामाला लागले. डॉक्टरसाहेबांनी चेहरा नीट बघून घेतला, मग शांती सिस्टरना म्हणाले, "काकू के लिए एक कुर्सी यहाँ लगा दीजिए." तेव्हापासून माझी खुर्ची तिथं आहे. आता शिकाऊ डॉक्टर पेशंटचं हसू फोनमध्येही टिपून ठेवतात. कोणाला सासूवरून हसवावं, कोणाला जावयावरून आणि कोणाला नुसतं माझ्या पडलेल्या दातांवरून, हे मला चेहरा बघून कळतं. डॉक्टरसाहेब याला तपासणी म्हणतात. घरी याला चहाटळपणा म्हणत होते.

त्या खुर्चीवरून मी जे पाहिलं, त्यातलं थोडं सांगते. एकदा कारखान्यातले देशकर नावाचे गृहस्थ बायकोला घेऊन आले. दोन महिने झाले, दुपारी जेवणाचा डबा उघडला की त्यांच्या उजव्या जबड्याखाली सूज यायची आणि तासाभरानं उतरायची. घरी सासूबाईंनी निकाल दिला होता की सून डब्यात काहीतरी कालवते. बाई खाली मान घालून बसल्या होत्या. डॉक्टरसाहेबांनी लिंबाची फोड मागवली आणि देशकरांना चोखायला दिली. आमच्या सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जबड्याखाली फुगा वर आला.

डॉक्टरसाहेब देशकरांशी बोललेच नाहीत. बाईंकडं वळून म्हणाले, "वहिनी, डब्यात काही नाही. लाळेच्या नळीत खडा अडकला आहे. जेवण समोर आलं की लाळ सुटते, खडा आडवा येतो, लाळ आतच तुंबते. लिंबालाही सूज आली, बघितलंत ना? लिंबू काही तुम्ही घरून आणलं नव्हतं."

जिभेखाली बोट घालून त्यांनी खडा चाचपला. पुढच्या खेपेला काढला, तांदळाच्या दाण्याएवढा होता. तो कागदाच्या पुडीत बांधून त्यांनी बाईंच्या हातात दिला. म्हणाले, "हा सासूबाईंना दाखवा." दुखणं देशकरांचं होतं, पण त्या पुडीनं बरं केलं ते बाईंना. ही जागा डॉक्टरसाहेबांना दिसते. म्हणून मी त्यांना मोठं म्हणते.

दुसरी गोष्ट एका निवृत्त गुरुजींची. घशाच्या आजारासाठी त्यांना सिकाई दिली होती, विजेचा शेक म्हणतात तो. त्यात लाळेच्या ग्रंथी कोरड्या पडल्या. गुरुजी म्हणाले, "डॉक्टर, पोळीचा घास तोंडात फिरतच राहतो. गिळायला गेलो की वाळूसारखा लागतो." शिकाऊ डॉक्टरांतल्या एकानं कागदावर लिहिलं, पाणी पीत राहा, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

डॉक्टरसाहेबांनी दुपारी सगळ्यांना बसवलं, गालात आणि जिभेखाली कापसाच्या गुंडाळ्या ठेवायला लावल्या, स्वतःही ठेवल्या. बराच वेळ तसेच बसले. बोलता येत नव्हतं, म्हणून ती दुपार माझी. मग गुंडाळ्या काढून प्रत्येकाला कोरडी पोळी दिली. ज्यानं कागद लिहिला होता, त्याला दुसऱ्याच घासाला ठसका लागला. मी म्हटलं, "भैया, अब लिखो, पाणी पीत राहा." डॉक्टरसाहेबांनी मला डोळ्यानंच दटावलं. त्यांनी स्वतःची पोळी शेवटपर्यंत खाल्ली. संध्याकाळी गुरुजींच्या सुनेला फोन करून मऊ भात, पातळ वरण, तूप, ताक, घोटाघोटानं पाणी, असं सगळं सांगितलं. आठवड्यानं परत फोन केला.

अशा माणसाला मी फसवत होते.

इथपर्यंत लिहून झाल्यावर वैशालीनं पेन खाली ठेवला. म्हणाली, "आई, हे छापायच्या आधी त्यांना सांगायला पाहिजे. पुस्तकात वाचून कळणं बरं नाही." खरं होतं. मी लेखात सांगायचं ठरवलं होतं, कारण कागदाला तोंड नसतं. तोंडासमोर सांगायची हिंमत नव्हती. गेल्या मंगळवारी मी पेशंट यायच्या आधीच गेले. डॉक्टरसाहेब चष्मा पुसत होते.

"डॉक्टरसाहेब, माझं तोंड जन्मापासून असंच आहे."

"असं म्हणजे?"

"वाकडं. हसताना. तुमचा हात लागायच्या आधीपासून."

त्यांनी चष्मा घातला. हनुवटी धरली. "हसा बरं."

मला हसू येईना. अकरा वर्षं गावाला हसवलं आणि त्या वेळी माझाच चेहरा हलेना. त्यांनी अंगठ्यानं ओठाखालची जागा दोन्ही बाजूंनी चाचपली. डावीकडं, उजवीकडं, परत डावीकडं. मग हात काढून घेतला.

"इथला स्नायूच बारीक आहे. जन्मजात. अकरा वर्षं तुम्ही माझ्या शेजारी बसता आहात आणि मी इथं एकदा बोट लावलं नाही. कारण मला ठाऊक आहे असं वाटत होतं." मग विचारलं, "काहून नाही सांगितलं, काकू?"

"सांगितलं असतं तर मंगळवार गेला असता."

मग त्यांनी मला जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. माझं तोंड पाहिल्यानंतर दोन महिने त्यांनी या ग्रंथीचं एकही ऑपरेशन केलं नव्हतं. तीन पेशंट नागपूरला पाठवले. त्यातल्या एकानं हात जोडले होते, "साहब, आप ही कर दीजिए." त्यालाही नाही म्हणाले. "हात ठीक होता," डॉक्टरसाहेब म्हणाले, "पण मनाचा भरवसा नव्हता."

त्या दोन महिन्यांतही मी दर मंगळवारी जात होते, चहा पीत होते, सिस्टरांशी गप्पा मारत होते.

"त्या तिघांचं काय झालं?"

"बरे झाले. पण परक्या गावात, घरच्यांपासून दूर."

मी म्हटलं, "मला माफ करा, डॉक्टरसाहेब." माफीचे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले होते.

दुसरा कोणी म्हणाला असता, जाऊ द्या काकू, त्यात काय एवढं. डॉक्टरसाहेब तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "मला राग आला आहे. जायला थोडा वेळ लागेल." आणि मग बाहेर नजर टाकून, "आज आठ पेशंट आहेत. बसता ना?"

मी बसले.

शिकाऊ डॉक्टर आल्यावर त्यांनी सगळ्यांना उभं केलं आणि सांगितलं, "दरवर्षी मी काकूंच्या चेहऱ्यावरून माझी एक चूक सांगतो. ती पुसून टाका. त्यांच्या ओठाची नस दुखावली नव्हती. हा चेहरा जन्मापासून असा आहे, मला आजच कळलं." मागं उभी असलेली एक मुलगी म्हणाली, "सर, तो फिर आपकी गलती थी ही नहीं?"

"थी," ते म्हणाले. "पण ती ऑपरेशनच्या टेबलावर झाली नाही. आदल्या दिवशी झाली. काकूंनी पदर धरला आणि मी बघायचं सोडून दिलं. पुढं अकरा वर्षं तेच केलं. हे लिहून घ्या."

मी खुर्चीवरून म्हटलं, "आणि अर्धी माझी, तेही लिहा."

"अर्धी काकूंची," ते म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले. मी त्यांचा चेहरा नीट बघून घेतला. दोन्ही बाजू बरोबर होत्या. मग आमच्या पहिल्या पेशंटला आत बोलावलं. त्यांच्याही कानापुढं गाठ होती आणि त्यांनी तोंडाला रुमाल लावला होता. डॉक्टरसाहेब म्हणाले, "काकू, बघा जरा." मी कामाला लागले.

वाचकहो, ऐंशीच्या बाईनं साठीच्या माणसाला नमस्कार करायचा नसतो. मला तर ते अजून तरणेच दिसतात. म्हणून मी आशीर्वाद देते. डॉक्टरसाहेब, तुमचा हात आहे तसा स्थिर राहो आणि मनाचा भरवसा आता पुन्हा कधी न ढळो, माझ्यासारख्या बाईपायी तर नकोच. गुडघे कुरकुरू नयेत, डोळे अधू होऊ नयेत, घरच्यांच्या वाट्याला तुम्ही जरा जास्त यावे. इतक्या लोकांच्या तोंडातला ओलावा ज्यांनी राखला, त्यांच्या तोंडाला शंभराव्या वर्षीही तुपातली गरम पुरणपोळी पाहून पाणी सुटो. तेव्हा मी काही नसेन. मंगळवारच्या खुर्चीत दुसरी कोणी बसवा. पण तिला बसवण्याआधी तिचं तोंड एकदा नीट तपासून घ्या.